लाडूचं घर : प्लॅस्टिकचं पान की जिवंत पान?



आज जरा वेगळ्या विषयावर बोलूया. पाळीव सापाच्या काचेच्या घरात झाडं लावावीत का? लावायची तर खोटी की खरी? "आम्हाला कुठे साप पाळायचाय!" असं तुम्ही म्हणाल. पण मूल एखादा जीव घरी आणायचा हट्ट धरतं, तेव्हा त्याचं घर कोणासाठी सजवायचं, हा प्रश्न मासा असो, कासव असो, साप असो, सगळीकडे तोच असतो.

मी शिकागोजवळ राहते. रविवारी मुलांना मराठी शिकवते. माझ्या बारा वर्षांच्या लेकीकडे एक बॉल पायथन आहे. हा अजगराच्या कुळातला, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बिनविषारी साप. घाबरला की डोकं मध्ये लपवून स्वतःचा गोल गोळा करतो, म्हणून लेकीने त्याचं नाव ठेवलं लाडू. दुसऱ्या गावी जाणाऱ्या एका कुटुंबाने तो आम्हाला दिला. सोबत काचेची पेटी, पाण्याचं भांडं आणि प्लॅस्टिकची एक वेल, एवढाच त्याचा संसार!

आल्यावर लाडूने खाणं सोडलं. एक आठवडा, दोन, पाच. लेक रोज शाळेतून आली की आधी पेटीपाशी जायची आणि रडवेली होऊन परत यायची. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. वजन फारसं घटलेलं नव्हतं. हे साप कधीकधी आठवडेच काय, महिनेही उपाशी राहतात, असं सांगून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "याला लपायला जागा कुठे आहे?"

गंमत म्हणजे, हेच माझी आई आधी बोलून गेली होती. उन्हाळ्यात ती साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. सापाच्या खोलीत ती पाऊल टाकत नव्हती. "हा जाईपर्यंत मला झोप लागायची नाही," असं म्हणायची. घरात त्यावरून बरीच धुसफूस झाली. पण एकदा दारातूनच म्हणाली, "अगं, असा उघड्यावर कुठला साप बसतो? तो बांधाच्या बिळात नाहीतर गवताच्या गंजीखाली असायचा."

खरं आहे ते. बॉल पायथन रानात दिवसभर उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. चारही बाजूंनी काच असलेल्या पेटीत तो म्हणजे भर चौकात उभं केलेलं लाजरं मूल. त्याला घास कसा उतरणार? म्हणजे पानं पेटीला शोभा आणायला नसतात. ती सापाला आडोसा देतात.

आधी खोटी झाडं

पहिले काही महिने आम्ही फक्त कृत्रिम झाडं वापरली. नवीन सापासाठी हेच सोयीचं. तळाला साधा कागद, दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपटं आणि मध्ये दाट प्लॅस्टिकची पानं. अंगावर बारीक गोचिडीसारखे किडे असतील तर कागदावर लगेच दिसतात, विष्ठा कशी आहे तेही कळतं. पानं काढून गरम साबणाच्या पाण्यात धुता येतात.

विकत घेताना मात्र पानावरून बोट फिरवून पाहा. कडा बोचत असेल तर सापाच्या पोटालाही बोचणार. देठातून तार बाहेर आलेली नको, चमकी नको, पाण्यात रंग सोडणारं तर अजिबात नको. आणि उष्णतेच्या दिव्याजवळ प्लॅस्टिक ठेवू नका, ते वितळतं.

पानं दाट केली, काचेच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला. दहाव्या रात्री लाडूने खाल्लं. लेकीने आम्हा सगळ्यांना झोपेतून उठवलं. पानांमुळेच खाल्लं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तोवर तो नव्या घराला रुळलाही असेल. पण त्यानंतर त्याने घास नाकारलेला नाही.

मग खरी का लावली?

इथला हिवाळा म्हणजे दिवसरात्र हीटर. घरातली हवा इतकी कोरडी होते की आपले ओठ फुटतात. लाडूला आर्द्रता हवी साधारण ६० टक्के किंवा थोडी जास्तच. ती मिळाली नाही तर कात सलग निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी सुटते. कधी डोळ्यावरचं पातळ आवरण तसंच चिकटून राहतं. प्लॅस्टिकच्या पानावर पाणी शिंपडलं तर ते तासाभरात उडून जातं. ओलसर माती आणि जिवंत पान मात्र हळूहळू ओलावा सोडत राहतात.

पण लक्षात घ्या, ओलावा म्हणजे चिखल नव्हे. तळ सतत ओला राहिला तर सापाच्या पोटाचे खवले सडतात, हवा खेळती नसेल तर श्वसनाचे आजार होतात. म्हणून सगळ्यात खाली भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर, वर जाळी आणि त्यावर चार इंच माती. जास्तीचं पाणी खाली उतरतं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे जीव आणि कुंडीखाली सापडणारे, हात लावला की गोळा होणारे किडे सोडले. बुरशी आणि कुजकी पानं ते खातात. मोठी घाण मात्र आपणच उचलायची!

झाडं कोणती? आपला मनी प्लांट, स्पायडर प्लांट आणि सान्सेव्हिएरिया, ज्याला लोक स्नेक प्लांटच म्हणतात. मनी प्लांटचं पान खाल्लं तर तोंडाची आग होते हे खरं, पण साप पानं खात नाही, त्यामुळे इथे ते चालतं. काटेरी झाडं आणि चिकाची झाडं मात्र नकोत. नर्सरीतून आणलेलं रोप थेट पेटीत लावू नका. त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. मुळांची माती काढून टाका, पानं धुवा आणि काही आठवडे वेगळ्या कुंडीत ठेवा. झाडांना दिवसा दिव्याचा उजेडही लागतो. तेव्हा सापाला पानाखाली सावली हवी.

आणि हो, पूर्ण वाढलेला बॉल पायथन तीन ते पाच फुटांचा, अंगाने जाडजूड. नाजूक रोप तो एका रात्रीत आडवं करतो. म्हणून आमच्याकडे आता दोन्ही आहेत. खाली दणकट जिवंत झाडं आणि वरच्या फांदीवर प्लॅस्टिकची वेल. खोटं आणि खरं शेजारी शेजारी नांदतंय. लाडूला त्याचं काही नाही.

वर्गासाठी

शिक्षकांनो, अधिवास आणि अनुकूलन शिकवताना यातून छान उपक्रम होतो. त्यासाठी साप लागत नाही! दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत प्लॅस्टिकचं पान, दुसरीत ओली माती आणि मनी प्लांट. दोन्हींत आर्द्रतामापक ठेवा आणि मुलांना आठवडाभर नोंदी करू द्या. मग विचारा, "यातलं घर कोणत्या प्राण्याला आवडेल?" वाळवंटातल्या सापाला कोरडी बरणीच बरी, हे मुलं स्वतःच सांगतील.

पालकांसाठी

भारतातल्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावं. आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर आवश्यक झाली आहे. साप कुठेही हाताळला, त्याची माती किंवा झाडं हाताळली, तर हात साबणाने धुवायचेच. साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तर हात लावू देऊ नका. पेटीतल्या वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

शेवटचं म्हणजे, हा साप वीस-तीस वर्षं जगतो. लेक कॉलेजला जाईल तेव्हा माती कोण ओली ठेवणार? आम्ही तिच्याशी यावर बोललो आणि उत्तर कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय: वसतिगृहात राहील तोवर आई, नोकरी लागली की ती. तुमच्या मुलाने काहीही पाळायचं म्हटलं, तर दुकानात जाण्याआधी असा कागद लिहून घ्या.

आई यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा आली होती. त्या खोलीत ती अजूनही जात नाही. पण मनी प्लांटच्या फांद्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की नातीच्या हातात देते आणि बजावते, "दाट लाव गं, मला दिसायला नको." लाडूलाही तेच हवं असतं.