टिफिन आणि फडक्यातली भाकरी

दिंडोरीच्या एका शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होते आणि बाई सांगतात, ‘टिफिन काढा.’ पेठकडून द्राक्षबागांच्या छाटणीसाठी आलेल्या मजुराची मुलगी तेवढी हात बांधून बसून राहते. तिच्या पिशवीत नागलीची भाकरी आणि ठेचा आहे. परंतु तो ऐवज जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला आहे. विचारल्यावर ती सांगते, ‘माझ्याकडे टिफिन नाही.’ मराठीतील आजच्या अर्थानुसार तिचे उत्तर अचूक आहे. जुन्या अर्थानुसार मात्र टिफिन तिच्याकडेही होताच.

हा शब्द इंग्रजी खरा, पण प्रतिष्ठित इंग्रजीतला नव्हे. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली हलक्या बोलीचा जो कोश सिद्ध केला, त्यात ‘टिफिंग’ म्हणजे जेवणाच्या वेळेव्यतिरिक्त केलेले खाणेपिणे, असा अर्थ दिला आहे. हिंदुस्थानात येऊन तो साहेबाच्या दुपारच्या जेवणाचे नाव झाला. त्याचे मूळ अरबीत वा चिनी भाषेत शोधण्याचेही प्रयत्न झाले. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात इंग्रजी बोलीतले मूळच ग्राह्य धरले. विलायतेत शब्द मागे पडला, इकडे टिकला. दक्षिणेत तो इडली-डोशाच्या फराळाचा वाचक राहिला. आपल्याकडे अन्नावरून पात्रावर सरकला. गंमत अशी की ‘डबा’ या शब्दाचा प्रवास नेमका उलट झाला. तेथे पात्राचे नाव अन्नाला मिळाले. ‘डबा खाल्लास का?’ असे विचारणाऱ्याच्या मनात पितळ किंवा स्टील नसते.

या देवघेवीत झीज झाली ती ‘शिदोरी’ची. संस्कारांची शिदोरी, आठवणींची शिदोरी, अशी ती आता निरोपसमारंभांतील भाषणांत (आणि आपल्या प्रस्तावनांत) उदंड आढळते. पण तिच्यात भाकरी क्वचितच असते. वस्तू टिफिनकडे गेली, रूपक तेवढे शिदोरीकडे उरले. जी खरोखर शिदोरी घेऊन वर्गात आली होती, तिला मात्र त्या वर्गाच्या भाषेत नाव नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ‘जेवायला बसा’ एवढेच म्हटले. फडक्याची गाठ घट्ट बसली होती. ती मुलीला दातांनी सोडवावी लागली.