पुडीचा कागद

शेंगदाण्यांची पुडी संपली की कागद उलगडून वाचायची खोड मला आहे. बातमी नेमकी रंगात येते आणि कागद फाटलेला असतो. उरलेली बातमी आपण मनानं रचायची. माझा तो नुसता चाळा. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं मात्र पुढचं सगळं वाचन अशाच कागदांवर उभं राहिलं.

वीरगावच्या महार कुटुंबात १९२९ साली त्यांचा जन्म. शाळेत सवर्ण मुलींचे टोमणे ऐकले, तेराव्या वर्षी लग्न झालं. मग संसार, मुलंबाळं आणि पोटासाठी टाकलेलं छोटंसं दुकान. सामान बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की बेबीताई त्या रद्दीत डोकं घालायच्या. पुढे वाचनालयातली पुस्तकंही गल्ल्याशी आली. वाचायला निवांतपणा लागतो, असं आपण म्हणतो. त्यांना तो कोण देणार होतं? दोन गिऱ्हाइकांमधली फट तेवढी त्यांची होती.

वाचता वाचता त्या लिहू लागल्या, तेही चोरून. बाहेर जात आडवी येत होती, घरात नवऱ्याचा धाक. लिहिलेले कागद कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून लपवावे लागत. दुकानात कागदांचा ढीग असताना स्वतःचेच कागद दडवायचे! अशी वीसेक वर्षं गेली. फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन छापायला लावलं. आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपानं ‘जिणं आमुचं’ लोकांसमोर आलं. दलित स्त्रियांच्या पहिल्या काही आत्मकथनांत त्याची गणना होते.

वाचनानं माणूस मवाळ होतो, असं शहाणी माणसं सांगतात. मला ते पटत नाही. बेबीताई वाचून अधिक धारदार झाल्या. गावानं महारवाड्याचं काय केलं ते त्यांनी लिहिलंच. पण सासवांनी सुनांचा केलेला छळही झाकला नाही. आणि बाबासाहेब आंबेडकरांमुळे शिकून वर गेलेल्या, मग वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्या आपल्याच माणसांना तर त्यांनी मुळीच सोडलं नाही. अशा निर्भीड पुस्तकाची जागा अभ्यासक्रमाच्या यादीत नाही, घरातल्या फडताळात आहे. तुमच्याकडे नसेल तर आणा, आणि घरातल्या बाईच्या हाती आधी द्या.