कर्ता कोण?

आमच्याकडून एका निरपराध मुलीवर संशय घेतला गेला. हे वाक्य लिहितानाही आम्ही कर्मणी प्रयोगाचा आडोसा घेतला, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. मराठीत ही सोय फार. कप फुटतो, किल्ली हरवते, फाइल उडते. फोडणारा, हरवणारा, उडवणारा वाक्यात असलाच पाहिजे असे नाही.

आम्ही चौघे जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून ॲमेझॉनच्या क्लाउडवर साठवत होतो. मदतीला एक विद्यार्थिनी होती. एके सकाळी पाहतो तो बहुतेक पाने नाहीशी. पाने 'गेली', असे आम्ही सगळेच म्हणालो.

या सेवेत 'क्लाउडट्रेल' नावाची एक नोंदवही असते. ती 2013 साली आली आणि 2017 पासून प्रत्येक खात्यात आपसूक चालू असते. क्लाउडला केलेली प्रत्येक मागणी, मग ती पडद्यावरचे बटण दाबून केलेली असो वा एखाद्या प्रोग्रॅमने, एपीआयच्या दारातूनच आत जाते. त्यांपैकी व्यवस्थापनाच्या मागण्या ही वही टिपून ठेवते आणि मागील 90 दिवसांच्या नोंदी दाखवते. कोणी, काय, कशावर, केव्हा, कोणत्या पत्त्यावरून, असा सारा तपशील. नोंद थांबवण्याचा हुकूमही तीत नोंदला जातो. भावे प्रयोगाला तेथे थारा नाही. कर्त्याचा रकाना असतोच.

पाने पुसल्याची नोंद मात्र मिळाली नाही. मिळाली ती एका नियमाची: 30 दिवसांहून जुने ते सारे आपोआप काढून टाकावे. असा नियम एकदा लागला की पुढची पुसापुशी सेवा आपल्या आतच उरकते. ती या वहीत उतरत नाही. हुकूम सापडतो, अंमलबजावणी नाही. नियम तात्पुरत्या फायलींच्या कप्प्यापुरता हवा होता. कप्प्याचे नाव घालायचे 'राहून गेले' होते.

नोंदीतली वेळ 18:12. संध्याकाळी सहानंतर संगणकापाशी ती विद्यार्थिनीच बसे. आम्ही तिला बोलावून विचारले. "मी नाही केलं, सर," एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

वेळेच्या आकड्यांमागे 'झेड' हे एक अक्षर होते. ते आम्ही पाहिले होते, वाचले नव्हते. ही वही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाते. आपल्यासाठी तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. म्हणजे रात्रीचे 23:42. त्या वेळी खोलीला कुलूप असते. पाठांतरांतल्या एकेका मात्रेवर वाद घालणारे आम्ही, समोरच्या संहितेतले एक अक्षर गाळून निकाल देऊन बसलो होतो.

मग कर्त्याचा रकाना पाहावा, तर तेथे आम्ही पाचही जण वापरत असलेले एकच सामाईक नाव. प्रत्येकाला वेगळे नाव घेणे म्हणजे कटकट, असे ठरवून आम्हीच ते घेतले होते. वहीने खोटे काहीच लिहिले नव्हते. आम्ही तिला जो कर्ता दिला, तोच तिने लिहिला: 'आम्ही'. शेवटी आयपी पत्त्याने वाट दाखवली. तो आमच्यापैकी एकाच्या घरचा निघाला.

अंक ग्रंथालयात सुखरूप आहेत; पाने पुन्हा स्कॅन होतील. आता प्रत्येकाचे नाव वेगळे आहे, आणि नोंदी 90 दिवसांपलीकडे टिकाव्यात म्हणून त्या वेगळ्या साठवण्याची व्यवस्थाही केली आहे.

माफी मागायला चौघेही तिच्या घरी गेलो.

"आमच्याकडून चूक झाली," आम्ही म्हणालो.

"पण तुमच्यापैकी कोणाकडून, सर?"

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग आमच्यातला एक म्हणाला, "तो नियम मी लावला होता." तिच्यावर संशय मात्र आम्ही चौघांनी घेतला. ते वाक्य कर्तरीच लिहायला हवे होते.