तीन मजली चष्मा

जवळचं वाचायला लागणाऱ्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात. म्हणजे माणसाने नाकावर चष्मा नव्हे, जन्माचा दाखलाच लावून हिंडायचं! आमची बँकसुद्धा पेन्शनरांकडून नुसता हयातीचा दाखला मागते.

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळच्या वस्तूसाठी हवं तसं फुगायला नकार देतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला ते भिंग फार ओळखीचं वाटलं. वीस वर्षं नोकरी झालेला कारकूनही साहेबासाठी वाकायला असाच तयार नसतो.

माझी अडचण अशी, की बँकेच्या काउंटरवर नजरेला तीन मुक्काम. फुटभरावर विड्रॉवल स्लिप, दोन फुटांवर कॉम्प्युटर आणि पलीकडे रांग. रांगेच्याही पलीकडे साहेबांची केबिन. सही नीट दिसली नाही तर पगार धोक्यात, आणि साहेब केबिनमधून निघालेले दिसले नाहीत तर मनःशांती. शिवाय दूरचा नंबर कॉलेजपासूनचा आहेच.

वडिलांच्या पिढीने हा प्रश्न बायफोकलवर मिटवला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्याची सही आहे, त्या बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ सालच्या एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचं कौतुक केलं आहे. पण फ्रँकलिनसाहेबांपुढे कॉम्प्युटर नव्हता. त्यामुळे मधला मजला बांधायचा राहून गेला. त्यात काचेवरची ती रेघ. "अहो, अगदी मामंजींसारखे दिसाल हं," सौ. म्हणाली. मामंजींविषयीचं तिचं मत मला ठाऊक असल्याने बायफोकल तिथेच बाद झाला.

ही रेघ पुसली बर्नार मेतनाझ नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने. त्याची 'व्हॅरिलक्स' काच १९५९ मध्ये बाजारात आली. बी. कॉम. झालेल्याला कळेल असं सांगायचं तर बायफोकलमध्ये नंबराचे दोनच स्लॅब. प्रोग्रेसिव्हमध्ये तो वरून खाली रोजच्या व्याजासारखा चढत जातो. मात्र त्याची वसुली काचेच्या दोन्ही कडांना होते. तिथे सगळं धूसर, लाटेवर तरंगल्यासारखं. मधून एक अरुंद गल्ली तेवढी स्वच्छ. गुलमंडीच्या आसपास वाढलेल्या माणसाला गल्लीतून चालायला शिकवावं लागत नाही. पण पायांनी चालणं निराळं आणि नजरेने चालणं निराळं.

पैठण गेटकडच्या एका दुकानात माझ्यापुढे साधी, बरी आणि उत्तम अशा तीन काचा आल्या. दिसायला तिन्ही सारख्या. फरक किमतीच्या कागदावर होता, आणि तो वाचायला माझ्याजवळ चष्मा नव्हता!

"महाग काचेत कडेचं धूसर जातं का हो?"

"जाती नई साब," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, "जरा बाजू को सरकती."

म्हणजे आमच्या फायलींसारखंच. मी 'बरी' घेतली. निळ्या प्रकाशाचा लेप मात्र नाकारला. त्याने कॉम्प्युटरवर बसणाऱ्याच्या डोळ्यांचा ताण, निदान थोड्या काळात तरी, कमी होत असल्याचं २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलेलं नाही. चकचकाट रोखणारा लेप तेवढा घेतला. सौ.ने निवडलेली नाजूक फ्रेमही परत गेली. तीन मजले चढवायचे तर प्लॉटला उंची हवी.

मग मला ताठ बसवून फ्रेममधल्या खोट्या काचेवर बाहुल्यांसमोर पेनने खुणा झाल्या. नाकापासून डावा डोळा जितका दूर, तितका उजवा नाही, असं निघालं. सेहेचाळीस वर्षं हा ताळेबंद जुळतो आहे असं समजून मी तो चेहरा मिरवत होतो.

पहिला आठवडा जिन्याने खाल्ला. खाली बघावं तर वाचायचा मजला मध्ये येतो आणि पायरी विरघळते. हनुवटी छातीला टेकवूनच उतरावं लागतं. हा माणूस हल्ली नम्र झाला, असा साहेबांचा समज झाला आहे. मी तो दूर केलेला नाही.

दहाव्या दिवशी एका पेन्शनर आजोबांची थरथरती सही मी पहिल्या नजरेत जुळवली. आपला बायफोकल सावरत ते माझ्या काचेकडे बघत राहिले.

"याला रेघ नाही का हो?"

"नाही."

"केवढ्याला पडला?"

मी आकडा सांगितला. आजोबांनी मी दिलेल्या नोटा पुन्हा एकदा मोजून घेतल्या.