रोल संपवायचा म्हणून

पुणे,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. चिऊस,


ताईने तुझा निरोप दिला. पेंटॅक्स चालू झाला, सेल घातल्यावर सुई हलली, पुढच्या शनिवारी तुमचं टोळकं कार्ल्याला चाललंय, आणि “मावशीला विचार, कुठला रोल घेऊ.” फोनवर हे दोन वाक्यांत संपलं असतं. मला दोन वाक्यांत संपवायचं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

आधी कॅमेऱ्याचं. के-1000 हा साध्या स्वभावाचा कॅमेरा आहे. 1976 ते 1997 एवढा काळ तो जवळजवळ न बदलता बनत राहिला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यावरच हात बसवला. त्यातला सेल फक्त उजेड मोजणाऱ्या सुईसाठी आहे. सेल मेला तरी शटर पडतं. पण त्याला बंद-चालूचं बटण नाही, लेन्सचं झाकण हेच त्याचं बटण. झाकण उघडं राहिलं की सुई जागी राहते आणि सेल उतरतो. रोल भरल्यावर पुढे सरकवताना डावीकडचा रीवाइंडचा दांडा फिरतोय का, ते बघ. फिरत नसेल तर फिल्म आत अडकलेलीच नाही, आणि तू दिवसभर रिकाम्या कॅमेऱ्याने खटके मारशील.

रोल इलफर्डचा एचपी फाइव्ह प्लस घे, 400चा, कृष्णधवल. एक तर कार्ल्याच्या लेण्यात अंधार असतो. दुसरं, तो घरी धुता येतो. रंगीत रोलची रसायनं 38 अंशांवर सांभाळावी लागतात आणि तिथे अर्ध्या अंशाचाही हिशोब असतो, ते काम लॅबचंच. आणि घेशील तो 36चा घे. आज रोल हजाराच्या आसपास जातो, धुणं आणि स्कॅनिंग वेगळं, म्हणजे एका खटक्याला तीसचाळीस रुपये. फिल्मला एक दाणेदारपणा असतो, त्यात जान असते वगैरे तुझी मित्रमंडळी म्हणतात, त्यासाठी एवढा खर्च करू नकोस. तो दाणा आता फोनमध्ये फुकट मिळतो.

मग कशासाठी करायचा? मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं.

आपले जुने अल्बम तू चाळलेस. त्यात काय आहे? मुंजी, लग्नं, बारशी, आणि सहली. महाबळेश्वरचं वेण्णा लेक, कार्ल्याच्या पायऱ्या, सिंहगडावरचा कल्याण दरवाजा, आणि प्रत्येक ठिकाणी सगळे ओळीत उभे, डोळे बारीक करून. तू एकदा म्हणालीस, तुम्ही सगळे इतके चिडलेले का दिसता? कुणी चिडलेलं नव्हतं गं. रोल मंद, शंभराच्या आसपासचा, आणि कॅमेरा आगफाचा क्लिक थ्री, ज्यावरच्या सूर्य आणि ढग एवढ्याच खुणा आम्हाला कळायच्या. ऊन तोंडावर आल्याशिवाय फोटो उठायचा नाही. म्हणून फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आणि बाकीच्यांच्या डोळ्यांत. आमच्या अख्ख्या पिढीचे सहलीतले चेहरे या एका नियमाने आक्रसले आहेत.

पण त्याच अल्बमांत अधूनमधून एखादा भलताच फोटो निघतो. सण नाही, पाहुणे नाहीत, कुणी नटलेलं नाही. हे फोटो कुणाला काढायचे होते म्हणून काढलेले नाहीत. रोल संपवायचा होता म्हणून काढलेले आहेत.

तुला हे समजावून सांगायला हवं. क्लिक थ्रीमध्ये बाराच चौकोनी फोटो यायचे, ते सहलीत संपून जायचे. पुढे आपल्याकडे पस्तीस एमेमचा कॅमेरा आला आणि 36 फोटो हाती आले. ते 36ही बाहेरगावी जपून, मोजून वापरले जायचे, कारण प्रत्येक प्रिंटला पैसे पडत. घरी परत आलो की पाचसहा उरलेले असायचे. तसाच रोल धुवायला टाकायचा तर तेवढे पैसे पाण्यात. पुढच्या मुंजीपर्यंत थांबायचं तर महाबळेश्वर सहा महिने कॅमेऱ्यात अडकलेलं. मग रविवारी सकाळी कुणीतरी म्हणायचं, “संपवून टाका रे तो रोल,” आणि घरातल्या घरात हिंडून तो संपवला जायचा.

माझ्याकडे अशी एक निगेटिव्हची पट्टी आहे, उजेडाकडे धरून मी ती कितीदा बघितली असेल. विल्सन पॉइंटवर पहाटे सगळे शालीत गुंडाळलेले. त्याला लागून पुढच्या चौकटीत आमची आई, म्हणजे तुझी आजी, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडतेय. फोटो काढतायत हे तिला ठाऊक आहे, पण रोल संपवतायत हेही ठाऊक आहे. म्हणून ती उठलेली नाही, पदर सारखा केलेला नाही, नुसती मान वर केली आहे. चिमटीत खडा तसाच आहे. तिच्यामागे दाराचा टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल. पुढच्या चौकटीत आमचे अप्पा चेतक एका अंगावर कलती करून उभे, पेट्रोल खाली उतरावं म्हणून. चेहऱ्यावर स्कूटर सुरू होईल अशी अजिबात खात्री नाही. त्याच्यापुढे कोपऱ्यात उभी केलेली केरसुणी आणि ताईचे पाय, हे बहुधा चुकून. शेवटची चौकट अर्धीच आहे, कारण तिथे फिल्म संपली.

आईचे समारंभातले फोटो पुष्कळ आहेत. नथ, शालू, कपाळावर आठी. पण ती रोज कशी दिसायची, हे मला फक्त या उरलेल्या फोटोंतून कळतं. आमच्या घराने रोजच्या दिवसाला फोटोच्या लायकीचं कधी मानलंच नाही, माझ्यासकट कुणीच नाही. तो अल्बममध्ये आला तो 36च्या हिशोबाने, मागच्या दाराने.

फोनमध्ये रोजचं सगळं येतंच की, असं तू म्हणशील. येतं. मीही औषधाच्या चिठ्ठीपासून जिन्यातल्या मांजरीपर्यंत सगळ्याचे फोटो काढते. पण फोनमध्ये ‘उरलेलं’ असं काही नसतं. संपवायलाच हवं, असा तगादा नसतो. आणि समोरच्या माणसालाही कळत नाही की हा फोटो महत्त्वाचा की बिनमहत्त्वाचा, म्हणून तो प्रत्येक वेळी तयार होतो. आई तयार झाली नव्हती. एवढाच फरक, पण माझ्या लेखी तो मोठा आहे.

सहली आणि रोजचं जगणं यांच्यात आपणच भिंत घालतो, हेही खरं. होमाई व्यारावाला यांचं नाव तू ऐकलं असशील, 1913 साली नवसारीला जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईत शिकत असतानाच त्यांना पहिलं काम मिळालं, ते एका सहलीचे फोटो काढण्याचं. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. पुढे नेहरू, माउंटबॅटन, सत्तांतर, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलं आणि लोक त्यांना त्यासाठीच ओळखतात. मला मात्र त्यांनी जे. जे. स्कूलमधल्या मैत्रिणींचे काढलेले फोटो जास्त धरून ठेवतात. त्या मुली कुणासाठी उभ्या नाहीत, आपल्याच नादात आहेत.

आता कार्ल्याचं. पायथ्याला ओटीच्या दुकानांपाशीच रोल खर्च करू नकोस. एकवीरेला आलेली कोळी मंडळी फार देखणी दिसतात, खरंच दिसतात, पण त्यांची ती देवाची वारी आहे; विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नकोस. लेण्यात दुपार कलल्यावर जा. चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दिवस कलायला लागला की त्या घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या कमानीतून ऊन आत शिरतं. वर छताला लाकडी कमानी दिसतील, त्या मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या फासळ्यांची गरज काय होती, हे तिथे उभं राहून विचार कर. माझं डोकं तिथे दरवेळी अडकतं.

मोजमाप कमानीकडे बघून करू नकोस. सुई तिथला झगझगाट बघून फसते आणि खांब काळे ठिक्कर येतात. आधी कॅमेरा खांबांकडे वळव, सावलीतली सुई बघून ॲपर्चर ठरव, मग तेच कायम ठेवून हवं तिकडे वळ. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही. शटर एक तीसांशाच्या खाली उतरलं तर खांबाला खांदा टेक आणि श्वास रोखून धर. स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे त्या भानगडीत पडू नकोस. बाहेर लख्ख उन्हात सुईवाचूनही काम होतं: ॲपर्चर सोळावर, शटर रोलच्या आकड्याजवळचं. 400च्या रोलला पाचशेचं.

आणि तिथे तीसच्या वर जाऊ नकोस. बाकीचे घरी, डोंबिवलीला ने.

ते उरलेले कशावर घालवायचे, ते मी सांगणार नाही, सांगितलं तर ते उरलेले राहणार नाहीत. फक्त एक. ताईला चांगली साडी नेसायला सांगू नकोस. ती नेसायला उठेलच, तेव्हा “अगं बस, रोल संपवतेय,” असं म्हण. बघ, बसते की नाही.

रोल घरी धुवायला माझ्याकडे ये. टाकी, थर्मामीटर, काळी पिशवी, सगळं आहे. एचपी फाइव्हला 20 अंशांच्या आयडी-11 डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, साडेसात मिनिटं लागतात. पुण्याच्या नळाचं पाणी बहुतेक वेळा त्याहून गरमच असतं, उन्हाळ्यात तर फारच. म्हणून बादलीत बर्फाची पिशवी टाकून त्यात बाटल्या बसवायच्या आणि थर्मामीटरकडे डोळे लावून बसायचं. मग हायपो, मग भरपूर पाणी. वाळवायला न्हाणीघरात, आधी गरम पाण्याचा नळ सोडून वाफ धरू द्यायची म्हणजे धूळ खाली बसते, आणि पट्टीच्या खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा. पहिल्यांदा फिल्म ओली असताना तू उजेडाकडे धरशील तेव्हा सगळे काळ्या दातांचे आणि पांढऱ्या केसांचे दिसतील. घाबरू नकोस.

कदाचित तुला इतकी घाई नसेलही. न्यूयॉर्कचा गॅरी विनोग्रँड मुद्दाम वर्ष-दोन वर्षं रोल धुवायचा नाही. फोटो काढतानाचा दिवस कसा होता, हे विसरल्यावरच फोटो नीट बघता येतो, असं त्याचं म्हणणं. 1984 साली तो गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले राहिले होते. त्याचं म्हणणं मला पटतं, पण त्याच्या वाटेला तू जाऊ नकोस. आपल्या हवेत दोन पावसाळे काढलेली न धुतलेली फिल्म भरवशाची राहत नाही. महिनाभर थांबलीस तर पुरे.

धुतल्यावर पट्ट्या सहा-सहा चौकटींच्या काप आणि क्रम मोडू देऊ नकोस. स्कॅन करून फोनवर पाठवशील ते ठीक, पण मला कार्ल्याचे नकोत. मला शेवटच्या पट्टीचे प्रिंट हवेत, पोस्टकार्ड साइज, मॅट. मागे पेन्सिलीने तारीख.

लोणावळ्याहून चिक्की आणू नकोस, दातांना सोसत नाही. फज चालेल. ताईला आणि भावोजींना नमस्कार.

तुझी,
मावशी

ता. क. कॅमेऱ्याबरोबर आलेलं चामड्याचं पाकीट देखणं आहे, पण कॅमेरा त्यात ठेवू नकोस. चामडं ओल धरतं आणि लेन्सला बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, मग पुसून जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. ताईकडे पापडाचा मोठा डबा असेल, तो माग. देणार नाही, पण मागून बघ.