पुतणीची सायकल

दसरा-दिवाळी उरकली की आमच्या बालाघाटातल्या वस्त्यांवर घरांना कुलपे लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पिठाचे डबे, अंथरुणे, कोंबड्या, लहान लेकरे असे सारे चढते आणि मंडळी ऊसतोडीला जातात. सायकल तेवढी मागे राहते.

गेल्या हंगामात आमचे थोरले बंधू आणि वहिनी असेच निघाले. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता. उचल आधीच खर्ची पडलेली. वहिनींच्या कडेवर वर्षाचे लेकरू. फडात ते कोण सांभाळणार? म्हणून नववीतली आमची पुतणी बरोबर गेली. जाताना तिने आपली सायकल आमच्या ओसरीत आणून लावली. म्हणाली, "काका, अधूनमधून हवा भरत जा हिच्यात." आम्ही हो म्हणालो. पुढे बीडची कारकुनी, रविवारच्या बैठका, मुलींना शिकवा म्हणून वस्तीवस्तीवर केलेली भाषणे यांत ते राहून गेले. राहून गेले कसले, विसरलो.

मार्चअखेर मंडळी परतली. वार्षिक परीक्षा दहा दिवसांवर. सरांनी बसू देतो म्हटले. पण शाळा लिंबागणेशला आणि आमची वस्ती तिथून तीन किलोमीटर चढउताराच्या वाटेवर. पोरीने सायकल बाहेर ओढली तर दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले, चेन तांबडीलाल आणि सीटवर आमच्याच कोंबड्यांची शिट. ती काही बोलली नाही. फडक्याने पुसत बसली. तिच्या तळहातावर पाचटाचे ओरखडे होते. लेकरू सांभाळायला नेलेली पोर मोळ्याही बांधत होती, हे आम्हांला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी कचेरीला दांडी मारून आम्ही सायकल ढकलत लिंबागणेशला नेली. जय भीम घालून मिस्त्रीने ती उलटी केली आणि पायडल फिरवले. पायडल फिरले, चाक जागचे हलले नाही. "फ्रीव्हील जाम," म्हणाला. जुने तेल आणि धूळ मिळून आत चिखल होतो आणि खटके अडकतात. डिझेलने धुतल्यावर टकटक आवाज आला तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. ट्यूब पाण्यात धरून पाहिल्या. पंक्चर एकही नव्हते. उभ्या सायकलची हवा रबरातून आपोआप कमी होत जाते. मग सारा भार एकाच जागी मुडपलेल्या टायरवर येतो आणि तिथेच त्याला चिरा पडतात. मागचा टायर असाच गेला होता. ब्रेकचे रबर दगडासारखे झालेले. दोन्ही हब खोलून छर्रे धुतले, नवे ग्रीस भरले, पुढच्या चाकाचा आऊट काढला. ओव्हरऑइल, टायर आणि ब्रेक धरून साडेसातशे रुपये झाले. आम्ही घासाघीस केली नाही.

पैसे घेताना मिस्त्री म्हणाला, "साहेब, ठेवायची तर उलटी ठेवावी, नाहीतर आढ्याला टांगावी. चेनला तेलाचा हात द्यावा. महिन्याला हवा मारावी. पंपाला काय लागतं?" दोन मिनिटे लागतात. तेवढीही आम्ही दिली नाहीत.

येताना वाटभर एकच विचार होता. हंगामी वसतिगृहासाठी आम्ही गावोगाव याद्या केल्या, पण ती सोय सहा ते चौदा वयाच्या लेकरांची. पुतणी पंधराची. तिला आमच्याच घरी ठेवता आले असते. दोन भाकरी जास्त थापायच्या, एवढेच. पण ना दादांनी तसे म्हटले, ना आम्ही. सायकल ठेवून घेतली आणि पोर जाऊ दिली.

त्या रात्री दादांपाशी विषय काढला. दसऱ्याला पोर आमच्याकडे राहील, म्हटले. दादा गप्प. वहिनींनी विचारले, "आन् बारक्याला कोण धरील, भाऊजी?" आमच्या सौभाग्यवती चुलीपुढून म्हणाल्या, "त्यालाबी ठेवा की इथंच." वहिनींचा जीव होईना. लेकरू अजून अंगावर पीत होते. दादांनी मान हलवली, ती हो की नाही हे समजले नाही. यंदाची उचल मात्र त्यांनी अजून घेतलेली नाही.

परीक्षेच्या दिवशी पुतणी सातलाच निघाली. घंटी तेवढी दुरुस्त करायची राहिली होती, म्हणून उतारावर ती तोंडानेच "सरका, सरका" ओरडत गेली.