हजेरीपटातली अकरा नावं

हल्ली दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावोगावी दहावीच्या जुन्या बॅचचे स्नेहमेळावे भरतात. व्हॉट्सअॅपवर ग्रुप होतो, वर्गणी ठरते, निवृत्त सरांना आणि बाईंना शाल-श्रीफळ दिलं जातं, जेवण होतं आणि निघताना भलेभले डोळे पुसतात. काही लोकांना या प्रकाराचं हसू येतं. मला येत नाही. आमची बॅच मार्च १९९९ ची. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची मराठी माध्यमाची शाळा. पंचवीस वर्षं झाली म्हणून २०२४ च्या मे महिन्यात आम्ही जमायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर वाद झाला. बॅच म्हणजे नक्की कोण?

खतांचं दुकान चालवणाऱ्या आमच्या वर्गमित्रानं दहावीच्या निकालावरून यादी केली होती. मी लिहिलं, यादी पाचवीपासून करा. पाचवीला जे आले ते सगळे. त्यावर एकानं विचारलं, "मग मेळावा दहावीचा कसा म्हणायचा?" प्रश्न तसा रास्त होता. दोन दिवस त्यावर चर्चा झाली. शेवटी ज्यानं यादी केली होती तोच शाळेत गेला आणि क्लार्कला विनंती करून जुना हजेरीपट काढून बसला. त्यात आम्हा मुस्लिम मुलींची नावं अकरा निघाली. दहावीच्या यादीत होती चार.

चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पाचवीला हायस्कूल, अशी तेव्हाची रीत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं; पहिलीपासून झालं ते २००० साली. त्यामुळे नवी शाळा, नवा गणवेश आणि एबीसीडी हे सगळं एकदमच आलं. घरात आमची दखनी. आमच्यातल्या दोघींना 'ळ' जमत नसे. त्या 'शाला' म्हणायच्या. मराठीच्या बाई त्यांना जवळ उभं करून 'बाळ, केळं, कमळ' म्हणायला लावत. कधी रागावल्या नाहीत, कुणाला हसूही दिलं नाही. पुढे त्यातलीच एक निबंधात पहिली यायला लागली.

आठवीला हिंदी-संस्कृत संयुक्त घेणाऱ्या मुस्लिम मुली आम्ही दोघीच. अब्बांना वाटलं, जमेल का हिला? पण पहाटे मदरशात सबक तोंडपाठ करायची सवय लहानपणापासूनची. एकेक पारा घोटून घेतलेल्या पोरींना 'देवः देवौ देवाः' काय जड जाणार? संस्कृतचे सर म्हणत, "पाठांतर शिकायचं तर या दोघींकडून शिका." अम्मीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मौलानासाहेबांनाही सांग."

दहावीच्या वर्षी रमजान डिसेंबरच्या शेवटी सुरू झाला. म्हणजे इकडे गॅदरिंग आणि तिकडे पूर्वपरीक्षा, दोन्ही रोज्यात. दुपारी चार वाजता लेझीमचा सराव असायचा. पीटीच्या सरांनी काही न विचारता माझ्या हातात शिट्टी दिली आणि ताल मोजायला उभं केलं. शिट्टी वाजवायला लेझीमपेक्षा जास्त दम लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. पण त्यांची नियत चांगली होती.

अशा आठवणी मेळाव्यात खूप निघाल्या. मला मात्र त्या उरलेल्या सात नावांबद्दल लिहायचं आहे.

सातातली एक तिच्या खालाकडे मिरजेला उर्दू शाळेत गेली, डी.एड. झाली, आज शिक्षिका आहे. एकीचे अब्बा एसटीत होते, त्यांची बदली झाली. या दोघी शाळेतून गेल्या, शिक्षणातून नाही. बाकीच्या पाचजणी सातवी-आठवीत एकेक करून घरी बसल्या. कुणालाही विचारलं तर मोहल्ल्यात तालीमच्या विरोधात कुणी नव्हतं. इल्म फर्ज आहे, हे जुम्याच्या बयानात सगळ्यांनीच ऐकलेलं. पण मोठ्या बहिणीच्या निकाहात पैसे संपलेले असत, घरात कुणी आजारी असे किंवा नुसतंच 'पोरगी मोठी झाली' असं कुणीतरी म्हणे आणि तेवढं पुरायचं. मुलगेही गळले, पण ते गॅरेजात, बेकरीत, चिकनच्या दुकानात रोज दिसत राहिले. मुली दिसेनाशा झाल्या. अर्थात हे एकट्या आमच्या मोहल्ल्याचं नव्हे. धनगरवाड्यावरून येणाऱ्या तिघींची नावंही त्याच हजेरीपटातून नाहीशी झालेली आहेत.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. त्या रकान्यात बहुतेकांच्या बाबतीत एकच वाक्य असतं: पालकांच्या विनंतीवरून. खोटं नाही ते. पण इतकं कमी सांगणारं खरं मी दुसरं पाहिलेलं नाही. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात ६ ते १४ वयाची सुमारे २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलेली नाहीत किंवा मधूनच बाहेर पडली आहेत, असं म्हटलं होतं. तो आकडा वाचताना मला खिडकीजवळचा आमचा बाक आठवला होता.

त्या पाचजणींना शोधायला महिना गेला. एकीचा पत्ता लागलाच नाही. एक एकोणिसाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात अल्लाहला प्यारी झाली होती. तिच्या भावानं दारातच सांगितलं आणि मग आत बोलावून चहा दिला. तिसरी फोनवर म्हणाली, "मी कधी हायस्कुलात होते, हे आता माझ्या घरात कुणाला ठाऊकही नाही. राहू दे." मी आग्रह केला नाही. नको म्हणण्याचा हक्क तिचा होता.

दोघी आल्या. एक बांगड्यांचं दुकान चालवते. तिनं माइक घेतला आणि सगळ्यांत जास्त तीच बोलली. दुसरी इचलकरंजीहून आली होती. तिचे शोहर यंत्रमागावर, ती घरी कापडाचं मेंडिंग करते. आठवीच्या दिवाळीत तिची अम्मी गेली, पाठीवर तीन भावंडं होती. जेवणाच्या पंगतीत ती माझ्या शेजारी बसली, पण तिचं लक्ष ऑफिसच्या दाराकडे होतं. शेवटी हळूच म्हणाली, "क्लार्क आज आलेत का गं? मला दाखला पाहिजे. माझा हरवलाय."

मला वाटलं, आधारचं किंवा जातीच्या दाखल्याचं काही काम असेल. तसं नव्हतं. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांना तो भरावा लागतो आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मूळ दाखला नसेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. हे सगळं तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. मी म्हटलं, "पण आताच का?" ती म्हणाली, "घरचेबी हेच विचारतात. आठवीत समीकरणं नुकतीच सुरू झाली होती, बघ. सर म्हणाले होते, दिवाळीनंतर पुढची. ती पुढची राहिलीच की."

सुट्टी असली तरी क्लार्क मेळाव्यासाठी आले होते. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं. वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक, कारण तेच. तिनं बोट ठेवून तीनही रकाने वाचले. प्रगतीच्या रकान्याशी थोडं थांबली. प्रतिज्ञापत्राचं काम कोर्टात कारकून असलेल्या आमच्या मैत्रिणीनं अंगावर घेतलं आणि जूनमध्ये दाखला इचलकरंजीला पोहोचला.

आता ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं कमी आणि बीजगणित जास्त येतं. खतांच्या दुकानवाला रात्री गिऱ्हाईक संपलं की वहीच्या कागदावर उदाहरण सोडवून त्याचा फोटो टाकतो. कधीकधी तो चुकतो आणि तीच दाखवून देते. आमची दहावी ७५० मार्कांची होती, आता सहा विषय ६०० मार्कांचे. हे कळल्यावर तिनं लिहिलं, "दीडशे मार्कांसाठी पंचवीस वर्षं थांबले म्हणायची मी!" इंग्रजी तिला तिची सातवीतली धाकटी शिकवते आणि स्पेलिंग चुकलं की दहादा लिहायला लावते.

फॉर्ममध्ये संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडावी लागते. इचलकरंजीत जवळची शाळा सहज मिळाली असती. तिनं आमचीच निवडली. एसटीनं यावं लागतं, एक दिवसाचं मेंडिंग बुडतं. पहिला पेपर मराठीचा आहे.